गुमनामांचे गाणे

दिवाळी अंकातल्या या सदरात नामवंतांची गाणी यावीत, असा एक अलिखित रिवाज आहे. चकलीच्या तबकाशेजारी लता मंगेशकर, सुधीर फडके, माणिक वर्मा हीच नावे शोभतात. यंदा मात्र आम्ही एक निराळेच गाणे निवडले आहे. १९६५ सालच्या सुमारास ते रेडिओवर लागले की घरातल्या वडीलधाऱ्यांनी 'काय हा धांगडधिंगा!' म्हणून रेडिओचा कान पिळावा, आणि त्यांची पाठ वळली की पोरांनी हळूच तो पुन्हा सरळ करावा, अशा जातीचे हे गाणे. चित्रपट 'गुमनाम', गायक महंमद रफी, संगीत शंकर-जयकिशन आणि गाण्याचे नाव 'जान पहचान हो'.

एखाद्याची कुंडली मांडताना आधी जन्मवेळ विचारतात. आपण उलटे करू. आधी या गाण्याच्या उतारवयातली गोष्ट पाहू. २००१ साली अमेरिकेत 'घोस्ट वर्ल्ड' नावाचा चित्रपट निघाला. दिग्दर्शक टेरी झ्विगॉफ हा जुन्या तबकड्यांचा मोठा शौकीन. त्याचा चित्रपट सुरू होतो तोच मुळी आपल्या गाण्याने. कॅमेरा रात्रीच्या वेळी शेजारपाजारच्या खिडक्यांवरून सरकत जातो. कुठे कोणी जेवते आहे, कुठे कोणी टेलिव्हिजनपुढे पेंगते आहे. आणि एका खिडकीत एक मुलगी आपल्या खोलीत एकटीच, रफीसाहेबांच्या आवाजावर बेभान होऊन नाचते आहे. तिच्या घरच्या पडद्यावर 'गुमनाम'मधला नाच चालू आहे. पुढे २०११ साली एका परदेशी बिअर कंपनीने हेच गाणे आपल्या जाहिरातीत वापरले. ज्या पोरांनी १९६५ साली चोरून ते ऐकले होते, त्यांची नातवंडे एव्हाना कॉलेजात जाऊ लागली होती. त्या नातवंडांना हे गाणे कळले ते थेट अमेरिकेहून फिरून आल्यावर!

परदेशातले दर्दी या गाण्याला 'गॅरेज रॉक'च्या पंगतीला बसवतात. हा शब्द जरा फोडून सांगायला हवा. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या गावोगावच्या पोरांनी गिटारी आणि ड्रम घेऊन ताफे काढले. आईबाप घरात वाजवू देईनात, म्हणून मोटार बाहेर काढायची आणि मोटारखान्यात तालीम करायची. त्या मोटारखान्यातले म्हणून ते गॅरेज संगीत. त्यात सुरांची सफाई कमी आणि जोर फार. आता मुंबईत मोटारखाना कुठून आणायचा? जिथे दोन खोल्यांत आठ माणसे आणि एक भाड्याने ठेवलेला भाचा राहतो, तिथे ड्रम ठेवायचा कुणाच्या डोक्यावर! तरीही बीटल्सच्या तबकड्या आल्यावर मुंबईतही सॅव्हेजेस, जेट्स अशा नावांचे ताफे उभे राहिले. एका सिगारेट कंपनीने तर अशा ताफ्यांच्या देशभर स्पर्धा भरवल्या आणि १९७० व १९७१ साली त्यांच्या लांब तबकड्याही काढल्या. पण ते सगळे इंग्रजी गाणारे आणि मोजक्या श्रोत्यांचे. तोच गिटारीचा खणखणाट, तोच आडदांड ठेका हिंदीत आणून साऱ्या देशाच्या कानांवर घातला तो चित्रपटाने. म्हणून या जातीच्या संगीताची हिंदुस्थानातली कहाणी सांगायची तर ती टेड लायन्सच्या ताफ्यापाशी न थांबता शंकर-जयकिशन यांच्या ताफ्यापर्यंत न्यावी लागते. हा टेड लायन्स कोण, ते पुढे येईलच.

'गुमनाम'शी मराठी माणसाचे नाते बरेच जवळचे आहे. दिग्दर्शक राजा नवाथे. नायिका नंदा, म्हणजे मास्टर विनायकांची कन्या. विनोदी भूमिकांत मेहमूदबरोबर आपले धुमाळ. कथा अगाथा ख्रिस्तीबाईंच्या एका १९३९ सालच्या गाजलेल्या रहस्यकादंबरीवर बेतलेली: काही माणसे एका निर्जन ठिकाणी अडकतात आणि एकेक जण मरत जातो. राजा नवाथे हे राज कपूरच्या हाताखाली तयार झालेले. आर. के.चा 'आह' १९५३ साली त्यांनीच दिग्दर्शित केला. मग १९५६ साली त्यांनी 'बसंत बहार' केला, संगीत पुन्हा शंकर-जयकिशन यांचेच. त्या चित्रपटात पंडित भीमसेन जोशी आणि मन्ना डे यांची जी जुगलबंदी आहे, ती शास्त्रीय संगीताच्या दर्दी मंडळींच्याही तोंडी आहे. आणि तोच दिग्दर्शक, तेच संगीतकार, नऊ वर्षांनी 'गुमनाम'च्या आरंभी हॉटेलातल्या पार्टीत मुखवटे घातलेल्या नर्तकांचा हा दंगा उभा करतात! नऊ वर्षांत रसिकांची अभिरुची घसरली, असे म्हणणारे तेव्हाही होते. आम्हाला मात्र यात एका धंद्याची ताकद दिसते. भीमसेनजींच्या तानेमागे उभा राहणारा आणि रफीसाहेबांच्या या आरोळीमागे उभा राहणारा असा एकच वाद्यवृंद ज्यांनी जोपासला, ते कारागीर सामान्य नव्हेत.

हे कारागीर कोण होते? शंकर आणि जयकिशन ही दोन नावे तर तबकडीवरच आहेत. शंकर यांचे बालपण हैदराबादेत गेले, जयकिशन गुजरातेतल्या बांसद्याचे. पृथ्वी थिएटरमध्ये दोघे भेटले आणि १९४९च्या 'बरसात'पासून त्यांची जोडी जमली. चाल ते बांधीत. पण चाल म्हणजे गाणे नव्हे. चालीच्या आधी गिटार किती वाजावी, कडव्याच्या मध्ये सॅक्सोफोन कुठे घुसावा, व्हायोलिनवाल्यांनी कुठे गप्प बसावे, हे सगळे कागदावर उतरवावे लागते. या कामाला 'अरेंजर' असा शब्द धंद्यात रूढ झाला. शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम वर्षानुवर्षे सेबॅस्टियन डिसोझा या गोवेकराने केले. तालाची बाजू दत्ताराम वाडकर यांनी सांभाळली. त्यांच्या ढोलकीच्या एका चालीला तर वादकमंडळी आजही 'दत्ताराम ठेका' म्हणतात.

गोव्याचे नाव या धंद्यात वरचेवर का येते, याला कारण आहे. पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. गावात शेती थोडी, नोकऱ्या नाहीत. पण पोराला कागदावरचे सूर वाचता येतात. मग ती मुले मुंबईला, लाहोरला, कलकत्त्याला गेली. हॉटेलांच्या नाचघरांत, मुक्या चित्रपटांच्या पडद्याखाली, फौजेच्या बँडमध्ये वाजवू लागली. हॉटेलांतले काम कमी झाले तसे चित्रपटांतले वाढले. आमच्याकडच्या उस्तादांना राग येई, पण कागद वाचता येत नसे. गोवेकरांना कागद वाचता येई, पण रागाचे अंग परके. दोघांना एका सतरंजीवर बसवले तेव्हा हिंदी चित्रपटाचे संगीत झाले. 'जान पहचान हो'मधल्या गिटारीची ती खणखणीत लकेर, मध्येच सगळी वाद्ये थबकून पुन्हा एकदम उसळी घेतात ती शिस्त, हे सगळे या कागदाच्या विद्येतून आलेले आहे. गॅरेजमधल्या पोरांना ठेका जमे, पण इतक्या माणसांनी एका क्षणी थांबणे जमत नसे.

आता ध्वनिमुद्रण कसे होई ते पाहू. आज एक वादक सोमवारी येऊन आपला तुकडा वाजवून जातो, गायक गुरुवारी येतो, आणि चुकलेला एक सूर यंत्रावर दुरुस्त करता येतो. त्या काळी तसे नव्हते. मुंबईत ताडदेवचे फेमस, वांद्र्याचे मेहबूब अशा मोठ्या स्टुडिओंत सारा ताफा एकाच वेळी जमे. आधी संगीतकाराच्या खोलीत तालमी. मग मुद्रणाच्या दिवशी सकाळी व्हायोलिनवाले एका बाजूला, फुंकवाद्ये भिंतीकडे, ताल पडद्याआड आणि गायक काचेच्या खोपटात. कोणता मायक्रोफोन कुणापुढे आणि किती अंतरावर ठेवायचा, ही ध्वनिमुद्रकाची करामत. सगळे आवाज मिसळून एकाच पट्टीवर उतरायचे. एकदा उतरले की व्हायोलिन कमी आणि गिटार जास्त, असे करता येत नाही. चहात घातलेली साखर पुन्हा बाहेर काढता येत नाही, तसेच ते. त्यामुळे शेवटच्या ओळीला मागच्या रांगेतल्या एखाद्याचा गज चुकून घसरला, की सगळे पुन्हा पहिल्यापासून. गायकाचा घसा, वादकांची बोटे आणि निर्मात्याचे घड्याळ यांची ती शर्यत असे.

त्या काळच्या मुंबईत साधनसामग्री किती बेताची होती, याचा एक पुरावा खुद्द बीटल्सच्या इतिहासात आहे. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईला आला आणि फोर्टमधल्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत त्याने आपल्या 'वंडरवॉल म्युझिक'साठी हिंदुस्थानी वादकांचे मुद्रण केले. मुंबईतले यंत्र एकपदरी, मोनो. तेव्हा कंपनीचे प्रमुख भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन पदरी स्टिरिओ यंत्र आगगाडीने मुंबईला आणले. जगातल्या सर्वांत श्रीमंत ताफ्यातल्या माणसासाठीसुद्धा यंत्र यायचे ते रेल्वेने! खालच्या रस्त्यावरच्या रहदारीचा आवाज खिडकीतून आत येई तो निराळाच. त्याच दिवसांत तिथे एक जादा तुकडा मुद्रित झाला. त्यावर हॅरिसनने फेब्रुवारीत लंडनला आपला आवाज चढवला, आणि 'द इनर लाइट' म्हणून तो बीटल्सच्या मार्चमधल्या तबकडीच्या मागच्या बाजूला निघाला. त्यात बासरी आहे ती पुढे जगन्मान्य झालेल्या हरिप्रसाद चौरसियांची. पण तबकडीच्या चकतीवर नाव छापले ते बीटल्सचे. म्हणजे वादकाला निनावी ठेवण्यात साहेबाचा देश आणि आपला देश यांत फारसा फरक नव्हता.

इथे आपण कहाणीच्या गाभ्याशी येतो. 'जान पहचान हो' पडद्यावर पाहताना कोण काय करते आहे, ते नीट बघा. माइकपुढे उड्या मारत गाणारा जो तरुण दिसतो, तो रफी नव्हे. तो हर्मन बेंजामिन, त्या काळचा नृत्यदिग्दर्शक. त्याच्या मागे गिटारी आणि ड्रम वाजवणारी मंडळी म्हणजे मुंबईचाच एक बीट ताफा, 'टेड लायन्स अँड हिज कब्ज'. त्यांचे नाव ड्रमवर ठसठशीत रंगवलेले आहे. त्याच साली शम्मी कपूरच्या 'जानवर'मध्ये बीटल्सच्या चालीवर बेतलेल्या एका गाण्यातही हा ताफा दिसतो. पुढे सोनेरी पोशाखात, डोळ्यांवर मुखवटा चढवून, मान आणि केस झटकत नाचते ती लक्ष्मी छाया. जेमतेम सतरा-अठरा वर्षांची पोर. आणि चित्रीकरणाच्या त्या दिवशी खरे तर कुणीही गात नव्हते, वाजवत नव्हते. कर्ण्यातून तयार गाणे लागे आणि सगळे त्यावर ओठ, हात आणि पाय हलवीत. ज्यांनी ते गाणे मुद्रित केले, ते वादक आपली बिदागी खिशात घालून केव्हाच पुढच्या स्टुडिओत पोचलेले.

बरे, पडद्यावर ज्यांचे चेहरे आहेत त्यांचे तरी भले झाले म्हणावे, तर तसेही नाही. लक्ष्मी छायेला १९७१च्या 'मेरा गाँव मेरा देश'ने थोडे नाव दिले, पण पुढे मोठ्या भूमिका आल्या नाहीत. २००४ साली ती गेली. त्याच्या तीनच वर्षे आधी अमेरिकेतली मुले तिचा नाच पाहून टाळ्या पिटत होती. त्या मुलांना गाणे कळले, नाच कळला; नाचणारीचे नाव मात्र शोधून काढावे लागले.

आवाजाच्या बाबतीतही हेच. १९६१ सालचे 'जंगली' चित्रपटातले बर्फातले गाणे आठवा. संगीत याच जोडीचे, आवाज रफीचा, आणि ती प्रसिद्ध 'याहू' आरोळी? ती रफीची नाहीच. ती प्रयागराज नावाच्या दुसऱ्याच गृहस्थाची. साऱ्या देशाने लग्नाच्या वरातीत तिची नक्कल केली; पण आरोळी ठोकणाऱ्याचे नाव शंभरांतल्या एकालाही सांगता येणार नाही. आणि न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगायला हवे, की नाव गाळण्याचे हे पाप वरच्या पायरीवरही होई. 'गुमनाम'चे शीर्षकगीत हेन्री मॅन्सिनी या अमेरिकन संगीतकाराच्या 'शराड' या १९६३च्या चित्रपटातल्या चालीवरून उचललेले आहे. श्रेयनामावलीत मॅन्सिनीसाहेबांना जागा मिळाली नाही. आपले वादक जसे गुमनाम, तसेच या चित्रपटापुरते तेही गुमनाम!

अमेरिकेतल्या गॅरेज संगीताचे सर्वांत गाजलेले गाणे म्हणजे 'लुई लुई'. त्याची कहाणी आपल्या गाण्याशी शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. ते रचले रिचर्ड बेरी नावाच्या एका कृष्णवर्णीय गायकाने, १९५५च्या सुमारास. लग्नाला पैसे हवेत म्हणून त्याने त्याचे हक्क अवघ्या साडेसातशे डॉलरांना विकून टाकले. एप्रिल १९६३ मध्ये पोर्टलंड गावच्या 'किंग्जमेन' या पाच पोरांच्या ताफ्याने ते मुद्रित केले. खर्च सुमारे पन्नास डॉलर. माइक इतका उंच टांगलेला, की गायक जॅक इली याला मान वर करून ओरडावे लागले. गिटारीचा तुकडा संपल्यावर तो एका जागी चक्क लवकर गायला लागतो आणि थबकतो. ती चूक तबकडीत तशीच राहिली आहे. शब्द इतके अस्पष्ट, की त्यात काहीतरी अश्लील आहे अशी ओरड झाली. एफ.बी.आय.ने दोन वर्षांहून अधिक काळ चौकशी केली आणि निष्कर्ष काढला की शब्द काही केल्या कळत नाहीत!

पण आपल्याला हवी ती गोष्ट पुढची आहे. गाणे गाजण्याआधीच ताफ्यात भांडण होऊन इली बाहेर पडला. गाणे देशभर दुसऱ्या क्रमांकावर गेले तेव्हा टेलिव्हिजनवर त्याच्या आवाजावर ओठ हलवीत होता त्याचाच जुना साथीदार, लिन ईस्टन. प्रकरण वकिलांपर्यंत गेले आणि तडजोड झाली: ईस्टनने इलीच्या आवाजावर ओठ हलवणे बंद करावे आणि पुढच्या तबकड्यांवर मुख्य गायक म्हणून जॅक इलीचे नाव छापावे. रिचर्ड बेरीलाही त्याच्या हक्कांचा काही वाटा परत मिळाला, पण तीसेक वर्षांनी, १९८०च्या पुढच्या दशकात.

आपल्याकडे दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवणे ही फसवणूक नाही, ती मान्य केलेली कला आहे. रफी गातो आणि शम्मी नाचतो, हे दोघांचेही मोठेपण आहे. पार्श्वगायकाचे नाव तबकडीवर यावे, हाही लढा एके काळी लढावा लागला होता. तो जिंकला गेला. तेव्हा भांडण ओठ हलवण्याशी नाही. भांडण एवढेच, की ही नावाची पंगत गायकापाशी येऊन का थांबली?

पैशाच्या बाबतीत तर गायकांचीही पंगत अर्धवट राहिली. १९६०च्या पुढच्या वर्षांत लताबाईंनी गायकांना गाण्याच्या विक्रीतून स्वामित्वधन मिळावे, अशी मागणी धरली. रफीसाहेबांचे म्हणणे असे, की आपण गायलो, बिदागी घेतली, व्यवहार संपला. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक. पण त्यावरून बिनसले आणि कित्येक वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. 'गुमनाम' नेमका त्या अबोल्याच्या काळातला. त्यात लता आहेत, रफी आहेत, पण दोघांचे युगुलगीत नाही. रफीबरोबर शारदा गातात, आणि दुसऱ्या एका गाण्यात आशा व उषा या बहिणी. एका आर्थिक वादाचा ठसा चित्रपटाच्या गाण्यांच्या यादीवर असा उमटलेला आहे. (रफीसाहेबांच्या मनाच्या मोकळेपणाविषयी मात्र शंका नको. श्रीकांत ठाकरे यांच्या चालींवर वंदना विटणकरांची मराठी गीते या अमृतसरकडच्या माणसाने किती जिव्हाळ्याने गायली, ते आपल्याला ठाऊकच आहे.)

कायदा बदलला तो २०१२ साली. त्या वर्षीच्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनाचा वाटा निर्मात्याला लिहून घेता येणार नाही असे ठरवले, आणि गायक-वादकादी कलावंतांच्या हक्कांनाही बळ आले. पण त्याच कायद्यात एक बारीक परंतुक आहे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे, आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत वा कुठेच येत नाही, त्याला एका किरकोळ अपवादापलीकडे 'कलावंत' धरायचे नाही. वाचताना वाटते, किती साधी तांत्रिक ओळ! पण तिचा अर्थ पाहा. नाव छापणे ही हौसेची किंवा मानपानाची बाब राहिली नाही. हक्काचा दरवाजा त्या छापील नावाच्या बिजागरीवर लटकतो आहे. आधी रिवाजाने नाव गाळायचे, आणि मग नाव नाही म्हणून हक्क तपासायचा, हे चक्र ज्याला सोसावे लागते तो मागच्या रांगेतला माणूस असतो.

हे सदर मानवतहून लिहिले जाते, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. आमचे मानवत म्हणजे परभणी जिल्ह्यातली कापसाची बाजारपेठ. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात. तेव्हा शंकर यांचे हैदराबाद हीच आमचीही राजधानी. सिकंदराबादहून मनमाडला जाणारी निजामाची रेल्वे आमच्या मानवत रोड स्टेशनावरून जाते. १९९०च्या दशकापर्यंत ती मीटर गेजची होती. मुंबईची माणसे, मुंबईचे कापड आणि मुंबईच्या चित्रपटांच्या पेट्या मनमाडला गाडी बदलून इकडे येत. तबकड्या फार थोड्या घरांत. गाणे पोचे ते रेडिओने: आधी सिलोन, मग १९५७ पासून विविध भारती. बुधवारी रात्री अमीन सयानींची बिनाका गीतमाला लागे तेव्हा ज्याच्याकडे रेडिओ त्याच्या ओट्यावर गर्दी. आता यातली गंमत बघा. निवेदक चित्रपटाचे नाव सांगे, गायकाचे, गीतकाराचे, संगीतकाराचे सांगे. फर्माइश करणाऱ्यांची नावे तर झुमरी तलैयापासून थेट घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांसह वाचली जात. पोस्टकार्ड टाकणाऱ्याचे नाव साऱ्या देशाला कळे. ज्याच्या गिटारीसाठी पोस्टकार्ड टाकले त्याचे मात्र कुणालाच नाही.

कापसाचे पैसे हातात आले की लग्नसराई, आणि लग्नसराई म्हटली की बँड. असल्या गाण्याची खरी परीक्षा तिथे होते. ताशा, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि बेंजो एवढ्या भांडवलावर बँडवाले ताडदेवच्या स्टुडिओतला तो सारा वाद्यवृंद गल्लीत उभा करतात. त्यांनी कागद पाहिलेला नसतो. कानाने उचललेले असते. एका अर्थी हेच आमचे खरे गॅरेज संगीत, फक्त मोटारखान्याऐवजी मांडवाच्या दारात वाजणारे. आणि त्यांचीही नावे पत्रिकेत नसतात. पत्रिकेत मामांची यादी असते, आत्यांची असते, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या बाळाचेही नाव असते.

मुंबईच्या वादकांची नावे विचारायला अखेर परदेशातून माणूस आला. ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकाने या म्हाताऱ्या कारागिरांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बसून बोलून २००८ साली एक मोठे इंग्रजी पुस्तक काढले. नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली मुंबईच्या जॅझवाल्यांचा इतिहास लिहिला. त्यामुळे कितीएक गोवेकर, पारशी, शीख, मराठी वादकांची नावे छापील झाली. पण जयकिशन १९७१ साली गेले, शंकर १९८७ साली, सेबॅस्टियन १९९८ साली, दत्ताराम २००७ साली. ज्यांना सांगता आले असते की अमुक गाण्यात अमुक रांगेत कोण बसले होते, ती माणसे दरसाल कमी होत आहेत. गाण्याची तबकडी टिकते, चित्रपट टिकतो, यंत्रावर आता एका बोटाने सगळे लागते. माणसाच्या डोक्यातली हजेरीची वही तेवढी टिकत नाही.

म्हणून वाचकांना यंदा दिवाळीची एक कामगिरी. गिरगावात, दादरला, पार्ल्यात, पुण्यात किंवा गोव्याकडे तुमच्या नात्यात, शेजारात एखादे आजोबा असतील, जे तरुणपणी 'स्टुडिओत वाजवायला' जात. व्हायोलिन, मेंडोलिन, ढोलकी, काहीही असो. घरात त्यांची ती गोष्ट इतक्यांदा ऐकून झालेली असते की आता कुणी ऐकत नाही. भाऊबीजेच्या दिवशी त्यांच्याजवळ बसा. त्यांना हे गाणे ऐकवा, दुसरे त्यांच्या आवडीचे ऐकवा, आणि विचारा: यात तुम्ही होता का? शेजारी कोण होते? गिटार कुणाची? बिदागी किती मिळाली? साल, स्टुडिओ, नावे आठवतील तशी एका वहीत उतरवून घ्या. चुकले तरी चालेल, दुसऱ्या कुणाच्या वहीतून ते दुरुस्त होईल. आणि जमल्यास आम्हालाही पत्राने कळवा. पुढच्या वर्षीच्या दिवाळी अंकातली या सदराची जागा आम्ही त्या नावांसाठी राखून ठेवली आहे.